एकाच सुरीखालची दोन माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलणार असे त्यांनी धरूनच ठेवले होते. मी 'अन्ननलिकेचा कर्करोग' असे म्हणताच त्यांच्यातल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. त्यांचे काही चुकले नाही. मी वैद्य नव्हे. दहावीला दोनदा बसून दोन्ही वेळा नापास झालेला, अठराव्या वर्षी मागावर उभा राहिलेला आणि पुढे संघटनेच्या कामात पडलेला मी माणूस. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले, आणि वाचून जे कळले नाही ते डॉक्टरमंडळींच्या दारात बसून विचारून घेतले. संपात दाराशी बसण्याची सवय झालेलीच असते. ती इथे उपयोगी पडली.

या विषयाकडे मी वळलो त्याला कारण घडले. २०११ साली आमच्या संघटनेचे दोन सभासद एकाच महिन्यात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाले. एक जॉबर, दुसरा कांडीवाला. दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे, दोघेही तंबाखू खाणारे. आधी भाकरीचा घास अडकू लागला, मग भात अडकू लागला, शेवटी पाण्याचा घोटही सावकाश उतरू लागला. गाठ दोघांच्याही अन्ननलिकेच्या मधल्या भागात. शस्त्रक्रियाही एकाच तुकडीने, नऊ दिवसांच्या अंतराने केल्या. जॉबर चौदा महिन्यांनी गेला. कांडीवाला आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्याकडे वळून पाहू नका, तो लाजेल.

जॉबर गेल्यावर त्याच्या कुटुंबाला मदत मिळावी म्हणून वाटाघाटी चालल्या होत्या. मालकपक्षाचे एक गृहस्थ म्हणाले, "त्याच्या रक्तातच तो दोष होता, त्याला आम्ही काय करणार?" मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "रक्तात नव्हता, तुमच्या कारखान्यातल्या धुळीत होता." बाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. रात्री सायकलवरून घरी जाताना मात्र मला ओशाळल्यासारखे झाले. कापसाच्या धुळीने फुप्फुसे खराब होतात, बिसिनोसिस नावाचा रोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. पण त्या धुळीने अन्ननलिकेचा कर्करोग होतो असे म्हणावयाला माझ्यापाशी आधार नव्हता. ते गृहस्थही ठोकून देत होते आणि मीही ठोकून देत होतो. फरक इतकाच, की मला टाळ्या मिळाल्या.

तेव्हापासून मी दोन गोष्टींचा शोध घेत आलो. रक्तात असते म्हणजे नेमके काय असते? आणि एकाच सुरीखालून गेलेल्या दोन माणसांपैकी एक जगतो व एक जात नाही तर कशामुळे? दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पहिल्याहून जुना आहे, म्हणून त्यापासून आरंभ करतो.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. निसर्गाने ती मोठ्या अडचणीच्या जागी ठेवली आहे. पुढे श्वासनलिका व हृदय, शेजारी शरीरातली सर्वांत मोठी रोहिणी, दोन्ही अंगांना फुप्फुसे, मागे पाठीचा कणा. आतड्याला बाहेरून जे पातळ पण चिवट आवरण असते तेही हिला नाही. त्यामुळे घातलेला टाका नीट धरत नाही, आणि गाठ वाढली की शेजारी शिरावयाला तिला अडसर राहत नाही. शिवाय छाती उघडली की बाहेरच्या हवेच्या दाबाने फुप्फुस मिटते आणि रोगी टेबलावरच गुदमरतो. एकोणिसाव्या शतकात पोट उघडण्याचे धाडस शस्त्रवैद्यांनी केले, पण छातीच्या दाराशी ते थबकले ते यामुळे.

१८७७ मध्ये चेर्नी या शस्त्रवैद्याने मानेतल्या अन्ननलिकेचा कर्करोगी तुकडा कापून काढला. मानेत छाती उघडावी लागत नाही. तो रोगी सुमारे सव्वा वर्ष जगला. छातीतला मार्ग मात्र बंदच होता. १९०४ साली ब्रेस्लाव येथे झाउअरब्रुख या तरुण वैद्याने एक चमत्कारिक खोलीच बांधली. रोग्याचे धड खोलीत, डोके बाहेर, आणि खोलीतल्या हवेचा दाब कमी केलेला, म्हणजे छाती उघडली तरी फुप्फुस मिटू नये. शस्त्रवैद्य व त्याचे मदतनीस रोग्यासोबत आत कोंडलेले. पुढे श्वासनलिकेत नळी घालून हवा पुरवण्याची सोपी युक्ती निघाली आणि त्या खोलीची गरज संपली.

मार्च १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या जर्मन रुग्णालयात फ्रान्झ टोरेक याने एका ६७ वर्षांच्या बाईची छाती उघडून अन्ननलिकेचा रोगट भाग काढला. ही हकीगत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. गाठ मोठ्या रोहिणीच्या कमानीला लागून होती. तिथून ती सोडवून घ्यावी लागली. नळी काढली खरी, पण आता घशाचे जठराशी नाते कसे जोडावयाचे? टोरेकने ते शरीराच्या आत जोडलेच नाही. अन्ननलिकेचे उरलेले वरचे टोक त्याने कातडीखालून नेऊन बाहेर उघडले, जठराला पोटावर एक भोक ठेवले, आणि दोहोंच्या मध्ये बाहेरून रबराची नळी जोडली. बाई जेवायची तेव्हा घास तोंडातून रबरी नळीत आणि नळीतून जठरात जात असे. ही बाई त्यानंतर बारा वर्षांहून अधिक जगली, आणि शेवटी गेली ती न्यूमोनियाने. कर्करोग परतला म्हणून नव्हे.

मंडळी, यात शस्त्रवैद्याचे कौशल्य आहेच. पण त्यानंतरची कित्येक वर्षे अनेक कुशल हातांनी हीच शस्त्रक्रिया करून पाहिली आणि त्यांचे बहुतेक रोगी दगावले. टोरेकची ती म्हातारी मात्र बारा वर्षे रबराच्या नळीने जेवत राहिली. तिच्यात असे काय होते, हा प्रश्न १९१३ सालीच उभा राहिला होता. तो नीट विचारावयाची हत्यारे शंभर वर्षांनी मिळाली.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९३३ मध्ये जपानातल्या क्योटोच्या ओसावा यांनी रोगट भाग काढून उरलेल्या टोकाला जठरच छातीत वर ओढून जोडल्याचे रोगी प्रसिद्ध केले, म्हणजे रबराची नळी गेली. १९४६ साली वेल्समधल्या आयव्हर लुइस यांनी लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयात आपली पद्धत मांडली. आधी पोट उघडून जठर मोकळे करावयाचे, मग उजव्या बाजूने छाती उघडून नळी काढावयाची व जठर वर जोडावयाचे. आजही ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आमच्या जॉबरची व कांडीवाल्याचीही तशीच झाली.

आता एक हिशेब सांगतो. हिशेब म्हटला की माझा जीव रमतो. १९८० साली अर्लम आणि कुन्या-मेलो या दोन शस्त्रवैद्यांनी जगभरचे १२२ निबंध आणि त्यांतले ८३,७८३ रोगी एकत्र मांडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला. अन्ननलिकेचा कर्करोग झालेली शंभर माणसे घ्या. त्यांपैकी ५८ जणांवर शस्त्रक्रियेला हात घातला जातो. ३९ जणांची गाठ काढता येते. त्यांतले २६ जिवंत घरी जातात. वर्षाने १८ उरतात, दोन वर्षांनी ९, आणि पाच वर्षांनी ४. या सभागृहाच्या पहिल्या पाच रांगांत आज सुमारे शंभर माणसे असतील. ते चार कोण, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

हा आकडा पुढे सुधारला, आणि तो कशाने सुधारला हे संघटनेतल्या माणसाने ऐकण्यासारखे आहे. २००२ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या रोग्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया वर्षातून क्वचित होते तिथे मृत्यूचे प्रमाण शेकडा २०.३, आणि जिथे ती वारंवार होते तिथे ८.४. रोग एकच, पुस्तकातली पद्धतही एकच. फरक पडतो तो रोज एकत्र काम करणाऱ्या तुकडीमुळे: भूल देणारा, रात्रपाळीची परिचारिका, टाका सुटल्याची पहिली खूण ओळखणारा पोरगेला डॉक्टर. नव्या जॉबरच्या हाती पन्नास माग दिले की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. मग २०१२ साली नेदरलँड्समधून निकाल आला, की आधी औषधे व किरणोपचार देऊन मग शस्त्रक्रिया केली तर पाच वर्षांनी शेकडा ४७ जगतात, नुसत्या शस्त्रक्रियेने ३४. म्हणजे १९८० च्या त्या शंभरांतल्या चारांची गोष्ट आता तशीच्या तशी सांगता येणार नाही. शिवाय इथे शेकडा म्हणताना शस्त्रक्रियेस योग्य ठरलेलेच धरले आहेत, सर्व रोगी नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मालक नफ्याचे आकडे दाखवतात तेव्हा आपण छेद कोणता धरला ते आधी विचारतो, तसेच हे.

तर तुकडी तीच, पद्धत तीच, औषधे तीच, आणि तरीही एक जगतो, एक जातो. डॉक्टर पहिल्याने सांगतात ते असे, की गाठ किती खोल गेली होती आणि आसपासच्या लसिकाग्रंथींत पोचली होती की नाही ते पाहा. हे सर्वांत मोठे कारण, यात वाद नाही. पण खोलीही सारखी आणि ग्रंथीही सारख्याच असलेल्या दोघांतही फरक पडतो. इथून आनुवंशिकतेचा प्रांत सुरू होतो.

डॉबीवर काम केलेल्यांना ही गोष्ट चटकन कळेल. कापडावर नक्षी उठते ती डॉबीच्या पट्ट्यांतल्या खुंट्यांच्या मांडणीने. आपल्या प्रत्येक पेशीत अशा मांडणीची सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. कोणत्याही दोन माणसांत हजारी सुमारे एक अक्षर वेगळे निघते. एखादी खुंटी इकडची तिकडे झाली तर बहुधा कापडावर काहीच दिसत नाही. क्वचित फूल वाकडे येते. आणि फारच क्वचित ठाणच्या ठाण फुकट जाते. रक्तातला दोष म्हणणारे गृहस्थ या तिन्ही गोष्टी एकच समजत होते.

तिसऱ्या प्रकारचे उदाहरण इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातले आहे. १९५८ साली हॉवेल-इव्हान्स, मॅक्कॉनेल, क्लार्क आणि शेपर्ड यांनी तिथल्या दोन कुटुंबांची हकीगत प्रसिद्ध केली. शेपर्ड हे खरे म्हणजे फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक, आणि क्लार्क वैद्य असूनही फुलपाखरे पाळणारे. त्या छंदातूनच त्यांना पुढे आई व बाळ यांच्या रक्तगटाच्या विरोधावरचा उपाय सुचला. या कुटुंबांत काही माणसांच्या तळहातांची व तळपायांची कातडी लहानपणापासूनच जाड होत जाई. जिथे भार पडतो तिथे अधिक. आणि ज्यांची कातडी अशी जाड, त्यांनाच मोठेपणी अन्ननलिकेचा कर्करोग होई. मऊ तळव्यांच्या भावंडांना तो होत नसे, असे जवळजवळ म्हणता येईल. मागाहूनच्या पाहणीत असा अंदाज निघाला, की जाड तळव्यांच्या माणसाला पासष्टीच्या आत हा रोग होण्याचा संभव शेकडा ९५. आईबापांपैकी एकाकडून हा दोष येतो आणि अपत्यांपैकी सरासरी निम्म्यांत उतरतो. कोणती खुंटी हलली ते २०१२ साली सापडले. सतराव्या गुणसूत्रावरचे ते एक जनुक.

हे वाचून मी आपल्या हातांकडे पाहिले. आमच्या कचेरीत नवा माणूस आला की पूर्वी आम्ही त्याचा हात पाहत असू. घट्टे दिसले की कामगार खरा. लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे गाव. तिथे जाड तळहाताचा माणूस पाहून याने आयुष्यभर ओझी वाहिली असेच कोणीही म्हणाले असते. आणि ते घट्टे श्रमाचे नसून वंशाचे होते. तेव्हा रक्तात काही नसतेच, सगळे परिस्थितीतच असते, असे मी जे तावातावाने बोलत आलो त्याला इथे खीळ बसली. मात्र अशी कुटुंबे जगात अगदी मोजकी आहेत. रोगी लाखांनी आहेत.

आता मुंबईकडे येतो. परळला गिरण्यांच्या धुराड्यांमध्ये १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथल्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत वसंत रामजी खानोलकर होते, आणि त्यांच्याबरोबर आनुवंशिकतेचे अभ्यासक एल. डी. संघवी. या दोघांनी मिळून केलेली दोन कामे मी शेजारीशेजारी ठेवून पाहतो. १९४९ च्या सुमारास त्यांनी मुंबईतल्या सहा जातींच्या, म्हणजे आपसांतच लग्ने करणाऱ्या सहा गटांच्या, रक्तगटांची व इतर आनुवंशिक लक्षणांची मोजणी प्रसिद्ध केली. गटागटांत फरक निघाले. नंतर १९५५ साली त्यांनी राव यांच्यासह घसा, तोंड व अन्नमार्गाचा वरचा भाग यांच्या कर्करोगाचा तंबाखू खाण्याशी व ओढण्याशी संबंध मोजून दाखवला. म्हणजे ज्यांच्या हातात रक्तातला फरक मोजण्याचे हत्यार होते, त्यांनीच कर्करोगाचे कारण हुडकताना तंबाखूची पुडी व विडी हातात घेतली. वंश विसरा असे ते म्हणाले नाहीत. मोजून पाहा म्हणाले. १९६३ साली जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली, ती देशातली पहिली. पारशी समाजात तोंडाचे व घशाचे कर्करोग कमी आणि स्तनाचा अधिक असे त्या नोंदींतून दिसू लागले. पारशी माणूस धर्मसंकेताने विडी ओढत नाही. एखाद्या जातीत एखादा रोग कमी वा अधिक दिसला म्हणून तो लगेच रक्तातला ठरत नाही. आपल्याकडे तर जात, धंदा आणि व्यसन ही तिन्ही एकाच दोऱ्यात गुंतलेली असतात. कोणता धागा कोणाचा ते सोडवून दाखवावे लागते.

हा गुंता फार सुरेख सोडवला तो जपानात. दारू पोटात गेली की शरीर तिचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करते, आणि मग दुसरे एक विकर त्या विषाचे निरुपद्रवी आम्ल करते. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांत हे दुसरे विकर एका अक्षराच्या फरकाने अधू असते. जपानी, चिनी व कोरियन लोकांपैकी शेकडा छत्तीसच्या आसपास माणसांचे चेहरे दोन घोट घेताच लालबुंद होतात ते यामुळे. आपल्याकडे हा फरक फार विरळ, म्हणून आपले पिणारे लाल न होता थेट आडवे होतात.

ज्याला हे अधू जनुक दोन्ही आईबापांकडून मिळाले त्याला दारू सोसतच नाही. तो पीत नाही आणि वाचतो. ज्याला एकाकडूनच मिळाले त्याला आरंभी त्रास होतो, पण मित्रांच्या आग्रहाने, कचेरीतल्या रिवाजाने तो सवय करून घेतो. धोका या दुसऱ्या माणसाला. व्यसनी रोग्यांच्या कुरिहामा येथील राष्ट्रीय रुग्णालयात योकोयामा यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की भरपूर पिणाऱ्यांपैकी ज्यांच्यात हे एक अधू जनुक असते त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग कितीतरी पट अधिक होतो. ते विष अन्ननलिकेच्या अस्तरात साचते. माणूस पिणारा नसेल तर तेच जनुक गप्प बसून असते.

मग दोष रक्तात की पेल्यात? मी हा प्रश्न एका डॉक्टरांना असाच विचारला. ते म्हणाले, "ताणा आणि बाणा यांपैकी कापड कशाचे असते ते तुम्हीच मला सांगा." मी गप्प बसलो. एरवी मी सहसा गप्प बसत नाही.

या रोग्यांत उपचारानंतरचे आयुष्यही याच गोष्टीत गुंतलेले असते. एक गाठ काढली तरी उरलेले अस्तर तेच असते, त्यामुळे त्यात दुसरी गाठ उठते, घशातही उठते. जपानमध्ये दुर्बिणीतून लहान गाठी काढलेल्या रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणे ज्यांनी दारू पूर्ण सोडली त्यांच्या अन्ननलिकेत पुन्हा पुन्हा गाठी उठण्याचा धोका निम्म्यावर आला. जनुक होते तेच राहिले, सुटली ती दारू.

आणि आता चीन. होनान प्रांतात ताइहांग डोंगराच्या पायथ्याशी लिनशियान नावाचा तालुका होता. १९६० च्या दशकात तिथल्या लोकांनी छिन्नी-हातोड्यांनी डोंगर फोडून 'लाल निशाण' नावाचा कालवा आणला म्हणून तो प्रसिद्ध. पण त्याआधीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, तिथे अन्ननलिकेच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या पाहून सरकारी पाहणी सुरू झाली होती. शेन छ्योंग या वैद्याने एक साधी युक्ती काढली. जाळीत गुंडाळलेला छोटा फुगा रोग्याने गिळावयाचा, आत तो फुगवावयाचा आणि हळूच वर ओढावयाचा. जाळीला चिकटून आलेल्या पेशी भिंगाखाली पाहावयाच्या. विजेशिवाय, दुर्बिणीशिवाय खेड्यापाड्यांत तपासणी झाली. तिथल्या कोंबड्यांच्याही घशात कर्करोग निघाला. कोंबड्यांचा वंश काही माणसांचा नव्हे. तेव्हा अन्नपाण्यात काहीतरी आहे असे सर्वांना वाटले. पण रोग काही घराण्यांत अधिक होता, हेही दिसत होते. पुढे तीस हजारांच्या आतबाहेर लोकांना सव्वापाच वर्षे जीवनसत्त्वे व खनिजे देऊन पाहिली. १९९३ साली निकाल आला, की एका मिश्रणाने एकूण मृत्यू शेकडा ९ ने घटले, जठराच्या कर्करोगाचेही घटले; अन्ननलिकेच्या कर्करोगावर मात्र ठाम परिणाम दिसला नाही. रोग हट्टी खरा.

२०१० साली दोन निरनिराळ्या गटांनी हजारो चिनी रोग्यांची व निरोगी माणसांची सबंध अक्षरमाला चाळून दहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेवर बोट ठेवले. पण हे रोग कोणाला होतो याविषयीचे झाले. शस्त्रक्रियेनंतर कोण जगतो, या टोरेकच्या म्हातारीच्या प्रश्नाला हात घातला तो २०१३ साली. चिनी संशोधकांनी आधी तेराशेहून अधिक रोगी घेतले, त्यांची अक्षरे आणि रोग कळल्यापासून जगलेले महिने समोरासमोर मांडले. जे सापडले ते पुन्हा सुमारे दोन हजार वेगळ्या रोग्यांत तपासून पाहिले. शरीरातले जस्त पेशीत आत आणणारे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने ते प्रथिन अधिक तयार होते, आणि ज्यांच्यात असा फरक त्यांचे आयुष्य सरासरीने कमी भरते.

इथे थोडे थांबून बोलले पाहिजे. 'सरासरीने' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही लिव्हरपूलची खुंटी नव्हे. या फरकाचा माणूस जाणारच, आणि फरक नसलेला राहणारच, असे त्यातून निघत नाही. हजार माणसांच्या मोजणीत पारडे थोडेसे कलते, इतकेच. याच्याआधी शंभर-दोनशे रोग्यांवर कितीतरी निबंध निघाले. एकाने एका जनुकाला आयुष्य वाढवणारे ठरवले, दुसऱ्याने त्यालाच निरुपयोगी ठरवले. वाचताना मला आमच्या जुन्या सभासदनोंदणीची आठवण होत असे. ज्याने मोजली त्याच्या सोयीची संख्या निघायची. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या माणसांत तेच पुन्हा मोजून दाखवणे, हा या कामातला खरा सचोटीचा भाग आहे. चिनी रोग्यांत जे दिसले ते आपल्या लोकांतही दिसेल असे गृहीत धरता येत नाही. दारूच्या विकराचे उदाहरण आताच सांगितले.

आमच्या दोघांचे काय? जॉबरला घास अडकू लागला तो श्रावणात. तो दिवाळीपर्यंत थांबला, कारण खाडे पडले असते तर बोनस कापला गेला असता. त्याच्या सहा लसिकाग्रंथींत रोग निघाला. कांडीवाल्याला पहिला घास अडकला त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने भांडून त्याला दवाखान्यात नेले. त्याच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. एवढ्याने बराचसा उलगडा होतो. सगळा होतो असे म्हणावयाला माझी जीभ आता धजत नाही. ते दोघे निरनिराळ्या आईबापांची लेकरे होती, आणि त्यांच्या अक्षरांत लाखो ठिकाणी फरक होता. त्यातला एखादा शस्त्रक्रियेनंतरच्या त्या चौदा महिन्यांत बोलला असेल. वाटाघाटीतल्या त्या गृहस्थांना ते ठाऊक नव्हते, आणि ते जरी ठाऊक असते तरी जॉबरच्या बायकोचा मदतीचा हक्क त्याने कमी झाला नसता.

आणखी एक हकीगत सांगून संपवतो. २००१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या रेल्वे कंपनीवर सरकारी आयोगाने दावा लावला. रुळांवर काम करून मनगटे दुखावलेल्या कामगारांचे रक्त कंपनीने त्यांना न सांगता आनुवंशिक तपासणीला पाठवले होते. मनगट आमच्या हत्यारांनी नव्हे, तुमच्या वंशाने गेले, असे दाखवता आले तर भरपाई वाचली असती. पुढच्या वर्षी कंपनीला २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले, आणि २००८ साली तिथे कायदाच झाला, की नोकरी देताना वा काढताना मालकाने कामगाराची जनुके पाहता कामा नयेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कांडीवाल्याकडे रुग्णालयातून माणूस आला. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगलेल्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने हवे होते, अक्षरे वाचावयासाठी. मराठीत छापलेले चार पानी संमतिपत्र होते. त्याने ते माझ्याकडे आणले. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ते वाचले. मी दोनदा वाचले. तो अर्धी भाकरी मध्येच खाऊन घेत होता, कारण छातीत चढवलेल्या जठराला एका वेळी त्याहून अधिक पेलत नाही. सही करण्यापूर्वी त्याने मला विचारले,

"अण्णा, माझ्या रक्तात काय निघालं तर ते मालकाला कळंल काय?"

मी त्याला तिसऱ्या पानावरचे कलम बोट ठेवून दाखवले. ते त्याने स्वतः पुन्हा एकदा वाचले, आणि मग सही केली.